पेटीच्या पट्ट्या आणि मागाचे पत्ते

भिवंडीला नव्याने येणारा माणूस तेथले कापड डोळ्यांनी पाहण्याआधी कानांनी ऐकतो. मुंबई-आग्रा रस्ता सोडून गावात शिरावे, की गल्लीगल्लीतून मागांची खटखट सुरू होते. वीज गेली तरच ती थांबायची, एरवी रात्रंदिवस चालू. पाहुणा कानांवर हात ठेवतो. मागावर उभा असलेला कामगार मात्र त्याच गोंगाटात आपल्या चार-सहा मागांच्या चाली वेगवेगळ्या ओळखतो. पाठीमागच्या मागाची चाल जरा बिघडली, की तो वळून पाहतो. धागा तुटला की कांडी संपली, हे त्याला कान सांगतो, डोळा नंतर.

श्रोतेहो, आजचा आपला विषय ह्या खटखटीपासून प्रथम फार दूरचा वाटेल. लग्नाच्या वरातीत, गणेशोत्सवात, शाळेच्या स्नेहसंमेलनात आपण जी विजेची पेटी पाहतो, जिला कोणत्याही कंपनीची असली तरी आपण 'कॅसिओ'च म्हणतो, तिची तार संगणकाला जोडून त्या पट्ट्यांनी संगणकाची रोजची कामे करवून घेता येतात. एक पट्टी दाबली की हजेरीचा तक्ता उघडावा, दुसरी दाबली की कवितेचे ध्वनिमुद्रण सुरू व्हावे, एक खुंटी पिळली की पडद्यावरचे अक्षर मोठे व्हावे. कोणी म्हणेल, हा पोरखेळ झाला. वाद्याने वाजावे, हिशेबाच्या यंत्राने हिशेब करावा, एकाने दुसऱ्याच्या घरात कशाला शिरावे? पण इतिहास पाहिला तर ही घरे कधी वेगळी नव्हतीच. वाद्य, माग आणि हिशेबाचे यंत्र ही तीन घरे गेली तीनशे वर्षे एकमेकांकडून एकच वस्तू उसनी नेत-आणत आली आहेत. ती वस्तू म्हणजे यंत्राला हुकूम देण्याची रीत.

मागापासूनच सुरुवात करू. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तरेतील आझमगड, मऊ, बनारस ह्या भागांतली पुष्कळ विणकर कुटुंबे आग्रा रस्त्याने दक्षिणेकडे आली. काही मालेगावी राहिली, काही भिवंडीपर्यंत पोचली. विसाव्या शतकात हातमागाच्या जागी विजेचा माग आला. महाराष्ट्रात यंत्रमागाचा आरंभ म्हणून इचलकरंजीचे नाव घेतात. तेथे १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला माग बसवला. (त्याच इचलकरंजीने बाळकृष्णबुवांसारखा गवई सांभाळला आणि ख्यालाची गायकी महाराष्ट्रात रुजवली, हे जाता जाता सांगितले पाहिजे. माग आणि गाणे एका गावात नांदणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही.)

सपाट कापड विणताना हुकूम सोपा असतो. ताण्याचे एकाआड एक धागे उचलायचे, धोटा पलीकडे जाऊ द्यायचा, मग उरलेले उचलायचे, धोटा परत. एक-दोन, एक-दोन. पण काठाला बारीक नक्षी हवी असेल तर कोणत्या फेरीला कोणते धागे उचलायचे हे कोणीतरी मागाला सांगावे लागते. त्यासाठी मागाच्या डोक्यावर 'डॉबी' बसवतात. ही डॉबी ज्या शिक्षकांनी पाहिली नसेल त्यांनी भिवंडीत किंवा इचलकरंजीत मुद्दाम पाहावी. लाकडी पट्ट्यांची एक माळ असते, प्रत्येक पट्टीला भोके, आणि काही भोकांत खुंट्या ठोकलेल्या. खुंटी आली की त्या नंबरची चौकट वर जाते, खुंटी नसेल तर खाली राहते. एका फेरीला एक पट्टी. माळ संपली की पुन्हा पहिल्यापासून. तबलजीचे आवर्तन सोळा मात्रांनी समेवर येते, तशी नक्षी ठरल्या फेरीला समेवर येते.

आता ही खुंट्यांची माळ कोठून आली म्हणाल, तर तिची बहीण वाद्यांत सापडते. नवव्या शतकात बगदाद येथे बनू मूसा ह्या नावाने प्रसिद्ध असलेल्या तीन भावांनी आपोआप बासरी वाजवणाऱ्या यंत्राचे वर्णन लिहून ठेवले. त्यात फिरणारे नळकांडे आणि त्यावरच्या खुंट्या आहेत. खुंटी फिरत आली की भोक उघडते आणि स्वर निघतो. पुढे युरोपातल्या देवळांच्या घड्याळांत आणि रस्त्यावरच्या वाजत्या पेट्यांत हीच नळकांडी शेकडो वर्षे फिरली.

आपल्याकडे हुकूम देण्याची जुनी रीत मुखाची होती. काश्मीरमध्ये शाल आणि गालिचा विणताना नक्षी एका विशेष सांकेतिक लिपीत लिहून ठेवत. त्या लिखाणाला 'तालीम' म्हणतात. एक जण ती तालीम लयीत मोठ्याने म्हणतो, म्हणजे अमुक रंगाच्या इतक्या गाठी, तमुक रंगाच्या इतक्या, आणि विणकर ऐकून हात चालवतात. आपल्या गवयांच्या घरांतही शिक्षणाला तालीमच म्हणतात. एकाने सुरात सांगावे, दुसऱ्याने हाताने किंवा गळ्याने करावे, असा हा धंदा दोन्हीकडे सारखा.

युरोपात रेशमी नक्षीच्या मागावर ह्याहून अवघड व्यवस्था होती. मागाजवळ एक पोर असे. विणकराने सांगितले की त्याने दोऱ्यांचा अमुक जुडगा ओढून धरायचा. दिवसभर ओढून ओढून त्या पोरांची शरीरे वाकडी होत. फ्रान्समधील लियों शहर ह्या रेशमासाठी प्रसिद्ध होते. १७२५ साली तेथल्या बाझिल बूशों ह्याने भोके पाडलेला कागदाचा पट्टा मागाला लावला. भोक असेल तेथे सुई आत शिरे, नसेल तेथे अडे. दोऱ्या कोणत्या ओढायच्या हे पोराने लक्षात ठेवायला नको. हा बूशों वाद्ये बनवणाऱ्याचा मुलगा होता, ऑर्गनवाल्याचा. ऑर्गनच्या नळकांड्यावर खुंट्या ठोकण्यापूर्वी त्यांच्या जागा कागदावर आखून तो कागद नळकांड्याला गुंडाळतात. बापाच्या कारखान्यातला तो आखलेला कागद पोराच्या डोळ्यांपुढे असणार, असे इतिहासकार म्हणतात. म्हणजे पहिली उसनवारी वाद्याकडून मागाने केली.

बूशोंच्या सहकाऱ्याने, फाल्कोंने, १७२८ साली लांब पट्ट्याऐवजी एकमेकांना दोऱ्याने जोडलेले पुठ्ठ्याचे पत्ते आणले. एक पत्ता फाटला तर तेवढाच बदलायचा. त्यानंतर वोकांसों नावाचा कारागीर आला. ह्याने १७३७ साली खरी बासरी खरोखर वाजवणारा यांत्रिक माणूस बनवला होता आणि पॅरिस त्यावर वेडे झाले होते. सरकारने त्याला रेशीम कारखान्यांचा तपासनीस केले, आणि १७४५ साली त्याने आपोआप नक्षी विणणारा माग रचला. पुन्हा वाद्यवालाच मागाकडे गेला, हे ध्यानात घ्या. तो माग वापरात आला नाही, पॅरिसच्या संग्रहालयात पडून राहिला. तेथे तो लियोंच्याच जोसेफ-मारी जाकार ह्याच्या नजरेस पडला. जाकारने फाल्कोंचे पत्ते आणि वोकांसोंची यंत्ररचना एकत्र आणली, आणि १८०४ साली जे यंत्र उभे राहिले त्याला आपण आजही जेकार्ड म्हणतो.

पुढल्याच वर्षी, १८०५ मध्ये, नेपोलियनच्या सरकारने हे यंत्र सार्वजनिक मालमत्ता ठरवले. जाकारला निवृत्तिवेतन आणि दर मागामागे काही रक्कम मिळाली. यंत्र मात्र ज्याला हवे त्याने बनवावे. १८१२ पर्यंत फ्रान्समध्ये असे ११,००० माग चालू झाले. विणकरांचा संताप झाला तो खराच. दोऱ्या ओढणाऱ्यांचे काम गेले. त्या पोरांच्या पाठी वाचल्या हे खरे, आणि त्यांच्या घरची मजुरी बुडाली हेही खरे. इतिहास शिकवताना ह्यातले एक सांगून दुसरे गाळू नये.

आता तिसरे घर, हिशेबाचे. इंग्लंडातील चार्ल्स बॅबेज ह्याच्याजवळ जाकारचे एक चित्र होते. ते रंगवलेले नव्हते, रेशमात विणलेले होते, आणि त्यासाठी सुमारे २४,००० पत्ते लागले होते. आलेले पाहुणे ते छापील चित्र समजत, आणि बॅबेजला त्याची गंमत वाटे. त्याने १८३० नंतरच्या दशकात जे मोठे गणितयंत्र आखले त्याला हुकूम देण्यासाठी त्याने जेकार्डचे पत्तेच घेतले. यंत्र पुरे झाले नाही. पण त्यावर १८४३ साली एडा लव्हलेस ह्या बाईने टिपणे लिहिली. त्यांत तिने असा विचार मांडला की, हे यंत्र केवळ आकड्यांवर चालते असे समजू नका. ज्या कोणत्या वस्तूंचे परस्परसंबंध नियमांनी मांडता येतील त्यांवर ते चालेल, आणि स्वरांचे संबंध तसे मांडता आले तर ते संगीतही रचील. हे लिहिले तेव्हा भारतात आगगाडी धावायला दहा वर्षे अवकाश होता.

बाईंचे म्हणणे असे, की गणिताचे यंत्र संगीत करील. उलट दिशेने, म्हणजे वाद्याच्या पट्ट्यांनी कचेरीचे काम, हेही त्याच काळात घडले. १८५५ साली डेव्हिड एडवर्ड ह्यूज ह्याने तार पाठवण्याचे एक यंत्र केले. हा ह्यूज अमेरिकेतील केंटकी येथे संगीताचा अध्यापक होता. त्याने तारयंत्राला पियानोसारख्या २८ पट्ट्या बसवल्या. पट्टी दाबली की पलीकडल्या गावी अक्षर छापले जाई. युरोपातल्या तारकचेऱ्यांत हे यंत्र अनेक वर्षे चालले. त्या कचेऱ्यांत कारकून बसत ते पेटी वाजवणाऱ्यासारखे, आणि बाहेर पडे ते बाजारभावाचे पत्रक! १८६८ साली अमेरिकेत शोल्स आणि त्याच्या सोबत्यांनी टंकयंत्राचा पहिला हक्क नोंदवला तेव्हा त्यालाही पियानोसारख्याच काळ्या-पांढऱ्या पट्ट्या होत्या. आज संगणकापुढच्या अक्षरांच्या फळीला आणि वाद्याच्या पट्ट्यांना इंग्रजीत एकच शब्द आहे, 'कीबोर्ड'. तो शब्द वाद्याचा आहे. कचेरीने तो नंतर घेतला.

वाद्यांनी आपले उसने परत मागितले ते १८९२ मध्ये. पॅरिसच्या गाविओली ह्या ऑर्गनवाल्यांनी खुंट्यांची नळकांडी टाकून पुठ्ठ्याची, घडीघडीची भोके पाडलेली पुस्तके आणली. जेकार्डचे पत्तेच ते! पाठोपाठ कागदाच्या गुंडाळीवर आपोआप वाजणारे पियानो निघाले. येथे एक छोटी घटना सांगतो, कारण पुढच्या गोष्टीचे बीज तिच्यात आहे. प्रत्येक कंपनी आपल्या मापाने भोके पाडी, त्यामुळे एकीची गुंडाळी दुसरीच्या पियानोवर चालत नसे. १९०८ साली अमेरिकेतील बफेलो शहरी हे कारखानदार एकत्र बसले आणि ८८ स्वरांच्या गुंडाळीला इंचाला नऊ भोके हे माप त्यांनी ठरवले. त्यानंतर ज्याच्या घरी कोणताही पियानो असेल त्याला कोणाचीही गुंडाळी घेता येऊ लागली.

दरम्यान हॉलरिथने १८९० ची अमेरिकेची शिरगणती पत्त्यांवर केली, आणि पत्ते कचेऱ्यांत कायमचे शिरले. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेला संगणक १९६० मध्ये कामास लागला. पंडित नेहरूंनी १९६२ मध्ये त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्याला हुकूम जात ते भोके पाडलेल्या कागदी पट्टीवरून. म्हणजे बूशोंची पट्टी २३५ वर्षांनी कुलाब्याला पोचली. तिच्यापासून एका दिवसाच्या पायवाटेवर, खाडीपलीकडे, भिवंडीच्या मागांवर तिचीच धाकटी भावंडे कापड विणत होती. कुलाब्याच्या शास्त्रज्ञाने भिवंडीचा माग पाहिला असता, किंवा मागवाल्याने ते यंत्र पाहिले असते, तर दोघांनीही एकमेकांना ओळखले असते असे मला वाटते. पण आपल्याकडे हे दोन वर्ग एकमेकांच्या ओसरीवर क्वचित जातात.

आता १९८२ सालाकडे येऊ. त्या वर्षी १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. गिरण्यांचे भोंगे थांबले, आणि कापडाचे काम भिवंडीच्या मागांकडे वळले. गिरण्यांनी मोडीत काढलेले जुने माग भिवंडीच्या पत्र्याच्या शेडांत पुन्हा उभे राहिले. गिरणीतला जो कामगार संघटित होता, त्याच्या जागी संघटना नसलेला, वारावर मोजून मजुरी घेणारा कामगार आला. माग तोच, हुकूमही तेच. माणसाची पत मात्र उतरली.

त्याच वर्षी त्याच मुंबईत चरणजितसिंग नावाचे, हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे वादक तीन जपानी विद्युतवाद्ये घेऊन ध्वनिमुद्रणाला बसले. एक पेटी ताल देणारी, एक खर्जाची, एक सुरांची. तारांनी ती जोडून एकीने दुसरीला लय द्यायची, अशी योजना त्यांनी केली आणि दहा रागांची तबकडी काढली, 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. तेव्हा ती फारशी कोणी घेतली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरच्या लोकांनी आश्चर्याने कान टवकारले. एका वाद्याने दुसऱ्याला तारेवरून हुकूम द्यावा हे मुंबईत इतक्या लवकर झाले होते. पण त्यात एक अडचण होती. तिन्ही वाद्ये एकाच कंपनीची होती म्हणून जमले. कंपनी वेगळी असती तर एकाचे खटके दुसऱ्याला कळले नसते. बफेलोच्या आधीची ती जुनीच गोष्ट.

ती सोडवायला दोन माणसे पुढे आली. एक कॅलिफोर्नियाचा डेव्ह स्मिथ, दुसरा जपानचा इकुतारो काकेहाशी. काकेहाशी लहानपणी पोरका झाला. तरुणपणी त्याने घड्याळे आणि रेडिओ दुरुस्त करून पोट भरले, क्षयाने त्याला काही वर्षे रुग्णालयात खिळवले. संगीताचे शिक्षण असे त्याला नव्हते. १९७२ साली त्याने रोलँड कंपनी काढली. ह्या दोघांनी, आणि त्यांच्यासोबत इतर जपानी कंपन्यांनी, सर्व विद्युतवाद्यांनी बोलावी अशी एक भाषा ठरवली. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील वाद्यांच्या जत्रेत स्मिथच्या कंपनीचे वाद्य आणि काकेहाशीच्या कंपनीचे वाद्य तारेने जोडले. एकावर पट्टी दाबली, दुसरे वाजले. ह्या भाषेचे नाव मिडी. तिच्यासाठी दोघांनी कोणाकडून पै घेतली नाही. जेकार्डला सार्वजनिक करायला नेपोलियनचा हुकूम लागला होता; येथे दोन स्पर्धक दुकानदारांनी आपण होऊन ते केले. २०१३ साली दोघांना त्याबद्दल ग्रॅमी पारितोषिक मिळाले. काकेहाशी २०१७ मध्ये गेला, स्मिथ २०२२ मध्ये.

ही भाषा किती साधी आहे ते पाहा. तारेतून आवाज जातच नाही, जातात फक्त आकडे. मधल्या सप्तकातली पांढरी एक दाबली, की तीन आकडे निघतात. पहिला १४४, म्हणजे 'पट्टी दाबली'. दुसरा ६०, म्हणजे 'कोणती'. तिसरा १ ते १२७ मधला, म्हणजे 'किती जोराने'. पट्टी सोडली की पुन्हा तीन आकडे. नियम एवढाच, की १२८ किंवा त्यावरचा आकडा हा हुकूम, आणि त्याखालचा आकडा हा त्या हुकुमाचा तपशील. तीन आकडे जायला सेकंदाचा सुमारे हजारावा भाग लागतो. एका तारेवरून सोळा वाद्यांना वेगवेगळे हुकूम देता येतात.

ह्या तीन आकड्यांत 'सा' कोठे आहे? कोठेच नाही. पत्त्याच्या भोकात जसे रेशीम नसते, तसा मिडीच्या हुकुमात सूर नसतो. हुकूम ऐकणारा वाद्य असेल तर सूर काढील. दिवा असेल तर पेटेल. आणि संगणक असेल तर त्याला जे सांगून ठेवले असेल ते तो करील. म्हणून पेटीने हजेरीचा तक्ता उघडता येतो. १४४ आणि ६० आले तर अमुक कर, एवढा नियम संगणकाला आधी लिहून द्यावा लागतो.

आपल्या गावच्या बेंजो पार्टीत उभ्याने दांडक्यांनी बडवतात तो 'ऑक्टोपॅड' आपण पाहिला असेलच. काकेहाशीच्या कंपनीने हा आठ चौकोनांचा पॅड १९८५ साली प्रथम आणला तेव्हा त्याला स्वतःचा आवाजच नव्हता! कितीही बडवा, तो मुका. तो फक्त मिडीचे हुकूम पाठवी; वाजे ते तारेच्या पलीकडचे दुसरे यंत्र. म्हणजे ढोलकीच्या हाताने दुसऱ्या यंत्राला कामाला लावणारी वस्तू महाराष्ट्राच्या मांडवांत कितीतरी वर्षांपासून वावरते आहे. तिच्याकडे त्या नजरेने पाहिले नाही इतकेच.

आता एक तक्रार, आणि ती आकाशवाणीच्या व्यासपीठावरून सांगायला जरा संकोच वाटतो. १९४० च्या मार्चमध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. कारण असे, की पेटीच्या पट्टीला मींड नाही, दोन स्वरांमधली जागा तिला घेता येत नाही. ती बंदी पुढे १९७० नंतरच्या काळात सैल झाली आणि गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी प्रतिष्ठा दिलेले वाद्य पुन्हा ऐकू येऊ लागले. बंदी अन्यायाची होती असेच माझे मत आहे. पण जो आक्षेप होता तो पोकळ नव्हता, आणि मिडीलाही तो लागू पडतो. १२८ पायऱ्यांत जोर बसवायचा, पट्टीच्या नंबरात स्वर बसवायचा. मींडेसाठी वेगळी सोय आहे, तिच्या १६,३८४ पायऱ्याही आहेत, तरी ती मूळ पियानोच्या पोराने मामाच्या घरी राहावे तशी राहते. जे आकड्यांत बसले ते तारेवरून गेले, जे बसले नाही ते वाजवणाऱ्याच्या बोटांत राहिले. मागावरही तेच. पत्त्याला नक्षी कळते, ओलसर हवेत सूत किती ताण सोसील हे पत्त्याला कळत नाही. ते मागावरच्या माणसाला कळते, आणि त्याची मजुरी मात्र त्याच्या ह्या समजुतीवर ठरत नाही, वारावर ठरते.

शिक्षकबंधु-भगिनींनो, आता शाळेचे थोडे. पुष्कळ शाळांत संगणक आहेत, आणि संमेलनासाठी घेतलेली एखादी विजेची पेटी कपाटात आहे. संगणकाच्या तासाला मुले काय शिकतात? बहुधा, कोणते चित्र कोठे दाबायचे ते. हे शिक्षण पुरे नाही असे मला स्पष्ट म्हणावेसे वाटते. दोऱ्या ओढणाऱ्या पोरालाही कोणती दोरी ओढायची ते येत होतेच. त्या पोरात आणि पत्ता कापणाऱ्यात जे अंतर होते ते शाळेत पुसता आले तर पाहावे, आणि त्याला ही पेटी फार सोयीची आहे. प्रथम पेटी जोडून संगणकाच्या पडद्यावर नुसते आकडे दिसू द्यावेत; तसे दाखवणारे कार्यक्रम फुकट मिळतात. पोराने पांढरी एक दाबावी आणि ६० उमटलेला पाहावा. हळू दाबावी, तिसरा आकडा लहान झालेला पाहावा. गाणाऱ्या मुलीला स्वर आधीच माहीत असतो, तिला आकडा नवा. गणितातल्या मुलाला आकडा माहीत असतो, त्याला स्वर नवा. मग एक नियम मुलांनीच लिहावा: ६० आला तर आजचा परिपाठ उघड. ६२ आला तर बंद कर. हे झाले की डॉबीच्या खुंट्या आपोआप समजतात, आणि पत्ता कापणे म्हणजे काय हेही.

ह्याचा खरा उपयोग मला दोन ठिकाणी दिसतो. एक, ज्या मुलाच्या बोटांना टंकफळीची बारीक बटणे सापडत नाहीत, त्याला ऑक्टोपॅडचा वीतभर चौकोन मुठीनेही दाबता येतो. आठ चौकोन म्हणजे आठ कामे. 'हो', 'नाही', 'पुढचे पान', 'पुन्हा सांगा' एवढ्यांतसुद्धा पुष्कळ अभ्यास होतो. दुसरे, पायाने दाबायची कळ. तिचा नंबर ६४. दाबली की १२७, सोडली की ०. शिक्षकाच्या एका हातात खडू, दुसऱ्यात पुस्तक, तेव्हा पडद्यावरचे पान पायाने उलटते. पेटीवाल्यांना पायाची सवय जुनीच आहे. नाटकांतले ऑर्गन पायानेच भात्याला वारा देत. ह्याउलट पत्रे लिहिण्यासाठी कोणी कॅसिओ जोडू लागला तर त्याला खुशाल हसावे. अक्षरांसाठी अक्षरांची फळी आहे, ती ह्यूजच्या पट्ट्यांपासून मुद्दाम वेगळी झाली ती उगीच नाही.

खेळण्यांतल्या स्वस्त पेट्यांना ही सोय नसते, म्हणून मागची बाजू आधी पाहून घ्यावी. पाच भोकांचे गोल तोंड असेल, किंवा यूएसबीचे चौकोनी तोंड असेल, तर काम होते. २०२० साली ह्या भाषेची नवी आवृत्ती निघाली. तिच्यात जोराच्या १२८ ऐवजी ६५,५३६ पायऱ्या आहेत, आणि यंत्रे एकमेकांना उलट उत्तरही देतात. तरी जुन्यांना तिने घराबाहेर काढलेले नाही. १९८५ सालचा मुका पॅड एखाद्या बेंजो पार्टीच्या अडगळीत सापडला, तर तोही आजच्या संगणकाला जोडता येतो. मध्ये एक छोटी डबी लागते, ती वाद्यांच्या दुकानात मिळते. तार लावताना पॅडवरचे 'आऊट' डबीच्या 'इन'कडे जावे. उलट लागली तर काही जळत नाही. पॅड बडवत राहायचे आणि पडद्यावर काही उमटत नाही, मग तार काढून फिरवून लावायची.